धार दोनदा की तीनदा, आणि व्हिटॅमिन ई-सेलेनियम खरंच लागतं का: दुधाची प्रत सुधारायची असेल तर हे आधी वाचा

डेअरीवर फॅट लागली नाही, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) ८.५ च्या खाली आला, की आपल्याकडे दोन उपाय लगेच सुचवले जातात. एकजण सांगतो तिसरी धार चालू करा, दुसरा सांगतो अमुक पावडर चालू करा, त्यात व्हिटॅमिन ई आहे, सेलेनियम आहे, अँटीऑक्सिडंट आहे. दोन्ही गोष्टींमागे चांगला अभ्यास आहे, पण दोन्ही चुकीच्या जागी वापरल्या तर पैसे जातात आणि कधीकधी जनावराचं नुकसानच होतं. म्हणून धारेचा फेरा बदलल्याने दुधात नक्की काय बदलतं आणि अँटीऑक्सिडंटने काय बदलतं हे वेगवेगळं समजून घ्या, कारण एकाचं काम दुसरं करू शकत नाही.

आधी कासेत काय होतं ते बघू

दूध धार काढताना तयार होत नाही, ते दिवसभर, रात्रभर कासेत झिरपत असतं. कास भरत आली की आतला दाब वाढतो, शिवाय दुधातच काही घटक असे असतात की ते पेशींना सांगतात, आता बास, हळू करा. त्यामुळे भरलेल्या कासेत दूध बनायचा वेग कमी होतो. कास रिकामी केली की वेग परत वाढतो. तिसऱ्या धारेने दूध वाढतं ते याच कारणाने, त्यात जादू काही नाही.

आता उलटी बाजू. दोन धारांमधलं अंतर १६-१८ तासांच्या पुढे गेलं की कासेतल्या पेशींमधले सांधे सैल होतात. दुधातली लॅक्टोज रक्तात गळते आणि रक्तातलं मीठ म्हणजे सोडियम-क्लोराईड दुधात येतं, दूध किंचित खारट लागतं. लॅक्टोज हा एसएनएफचा सगळ्यात मोठा भाग आहे, त्यामुळे एसएनएफला फटका बसतो. सोमॅटिक सेल (दुधात उतरलेल्या, मुख्यतः पांढऱ्या पेशी) वाढतात आणि प्लाझमिन नावाचं एन्झाईमही वाढतं, जे केसीन हे दुधातलं मुख्य प्रोटीन तोडतं. केसीन तुटलं की पनीर कमी पडतं, दही घट्ट लागत नाही. म्हणजे लग्नकार्याला गेलो म्हणून संध्याकाळची धार रात्री अकराला काढली किंवा एक धार बुडवली तर नुकसान फक्त त्या दिवसाच्या लिटरचं नसतं, प्रतीचंही असतं.

पहिलं काम: घड्याळ लावा, पैसे लागत नाहीत

बऱ्याच गोठ्यांवर पहाटे ५ ला आणि दुपारी ३ ला धार असते कारण डेअरीची वेळ तशी असते, म्हणजे दिवसा १० तास आणि रात्री १४. आठ-दहा लिटरच्या गायीला याने फारसा फरक पडत नाही, तिची कास तेवढ्यात तुंबत नाही, त्यामुळे उगाच ताण घेऊ नका. पण २० लिटरच्या पुढच्या एचएफ क्रॉसला (होल्स्टीन संकरित गायीला) रात्रीचे १४ तास जड जातात. पहाटे कास दगडासारखी ताठ आणि सडातून आपोआप दूध ठिबकतंय असं दिसलं तर समजा की वेळेची वाटणी चुकतेय. ठिबकणारा सड म्हणजे उघडं दार, बाहेरचा जंतू सरळ आत. शक्य तेवढं १२-१२ तासांच्या जवळ आणा, ११-१३ झालं तरी पुष्कळ झालं, आणि जी वेळ ठरवाल ती रोज पाळा.

अजून एक, सकाळची फॅट कमी आणि संध्याकाळची जास्त लागते तेव्हा लोक डेअरीवाल्याशी भांडतात. रात्रीचं अंतर मोठं असेल तर सकाळी दूध जास्त येतं आणि फॅट पातळ होते, हे नैसर्गिक आहे. दोन्ही वेळची सरासरी बघा, एका पावतीवर जाऊ नका.

धार पूर्ण निघते का?

तिसऱ्या धारेचा विचार करायच्या आधी आहेत त्या दोन धारा पूर्ण निघतात का ते तपासा, मला वाटतं निम्म्या गोठ्यांची अडचण इथेच आहे. हे स्वतः बघायचं असेल तर एका गायीचं सुरुवातीचं अर्धा लिटर वेगळं धरा आणि शेवटचं पाव-अर्धा लिटर वेगळं धरा, दोन्हीची फॅट मशीनवर लावा. सुरुवातीचं १-२ च्या आसपास आणि शेवटचं ८-१० पर्यंत सुद्धा दिसेल, एकाच गायीचं, एकाच धारेचं. फॅटचे कण वरच्या कोषांमध्ये अडकून राहतात आणि शेवटी उतरतात. घाई करून शेवटचं दूध कासेत सोडलं तर आपण फॅटच सोडून देतोय.

दूध उतरतं ते ऑक्सिटोसिनवर, आणि कास धुणं, पुसणं, वासरू दिसणं, आंबोणाची बादली वाजणं या सगळ्याने ते सुटतं. गायीत साधारण एक-दीड मिनिटात पान्हा येतो आणि पाच-सात मिनिटं टिकतो. म्हणजे कास पुसून, पहिल्या धारा काढून मिनिट-दीड मिनिटात मशीन लागायला हवी आणि सहा-सात मिनिटांत काम संपायला हवं. पाच गायींच्या कासा एकदम धुवून मग पहिलीला मशीन लावली तर पाचवीचा पान्हा तोपर्यंत ओसरलेला असतो. म्हशीचं अजून वेगळं, तिच्या कासेत खालच्या टाकीत दूध फारच थोडं असतं, जवळजवळ सगळं वर कोषात, त्यामुळे पान्हा सोडल्याशिवाय काही निघत नाही आणि ती गायीपेक्षा उशिरा सोडते. तिला दोन-तीन मिनिटं नीट चोळा, अनोळखी माणूस, कुत्रं, भांडणं तिथे नकोत. म्हैस दूध चोरते म्हणतात ती बहुतेक वेळा घाबरलेली असते. आणि कृपा करून इंजेक्शन मारून पान्हा सोडवू नका, दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असं इंजेक्शन देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, शिवाय सवय लागली की म्हैस त्याशिवाय उभीच राहत नाही.

हाताने काढत असाल तर पूर्ण मुठीने काढा, अंगठा मुडपून ओढायची सवय सडाच्या आतल्या नाजूक त्वचेला दुखावते.

तिसरी धार कुणासाठी

दोनवरून तीन धारा केल्या की दूध साधारण १० ते २० टक्के वाढतं. फॅटचा टक्का किंचित खाली येतो, पण दिवसाची एकूण फॅट वाढते कारण लिटर वाढतात. कासेत दूध कमी वेळ साचतं म्हणून बऱ्याच कळपांत सेल काउंटही कमी होतो. एवढं वाचून लगेच उडी मारू नका.

माझं मत स्पष्ट आहे, १५ लिटरच्या आतल्या गायीला तिसरी धार काढू नका. २ लिटर वाढणार, त्याला पाऊण-एक किलो खुराक जादा लागणार, एका माणसाची दुपारची झोप जाणार, लाईट-पाणी-धुणं वेगळं. २० च्या वरच्या, ताज्या व्यायलेल्या गायीला मात्र ती द्या. सगळ्यात जास्त फायदा व्यायल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत मिळतो, त्या काळात कासेतल्या दूध बनवणाऱ्या पेशी कामाला लागत असतात आणि तेव्हा जास्त वेळा धार काढली तर नंतर परत दोन धारांवर आणलं तरी काही वाढ टिकून राहते. म्हणजे वर्षभर तीन धारा झेपत नसतील तर प्रत्येक ताज्या गायीला पहिले २१ दिवस तीन धारा आणि मग दोन, हा आपल्या चार-दहा गायींच्या गोठ्याला परवडणारा मार्ग आहे. फक्त पहिल्या आठवड्यात गायीला मिल्क फिव्हरचा (रक्तातलं कॅल्शियम घटण्याचा) किंवा किटोसिसचा (शरीराला ऊर्जा कमी पडण्याचा) त्रास असेल, ती खात नसेल, तर हे करू नका, आधी तिला सावरू द्या.

वेळा ८-८ तासांच्या जवळ, म्हणजे पहाटे ५, दुपारी १, रात्री ९. इथे खरी अडचण येते ती दूध ठेवायची. डेअरी दोनदाच दूध घेते, रात्री ९ चं दूध सकाळपर्यंत आणि दुपारी १ चं संध्याकाळपर्यंत ठेवायचं कुठे? उन्हाळ्यात ते चार-पाच तासही तसं टिकत नाही. ४ अंशावर गार करायची सोय, स्वतःचा छोटा कूलर किंवा गावातलं बल्क कूलर, नसेल तर तिसऱ्या धारेचा विषय इथेच थांबवा. गार दुधात गरम ताजं दूध ओतायचं नाही, आधी ते वेगळं गार करायचं. नासलेल्या एका कॅनमध्ये महिन्याची वाढ निघून जाते.

तीन धारांची एक बाजू जी कुणी सांगत नाही

वारंवार धार काढली की दुधातले फॅटचे कण थोडे मोठे बनतात आणि त्यांच्यावरचं पातळ आवरण सहज फाटतं. आवरण फाटलं की दुधातलंच लायपेज एन्झाईम फॅटवर तुटून पडतं आणि फ्री फॅटी ॲसिड वाढतात. चव खवट, कडवट, थोडी साबणासारखी येते. मशीनमध्ये हवा जास्त शिरत असेल, लायनर (सडावर बसणारी रबरी नळी) सैल असेल, दूध पाईपमध्ये फेस होत जात असेल, वेताच्या शेवटची कमी दूध देणारी गाय तिसऱ्या धारेला आणली असेल तर हे अजून वाढतं. लिटरवर दूध घालणाऱ्याला हे कळतच नाही, पण थेट घरोघरी दूध देणारा, पनीर किंवा तूप करणारा असेल त्याच्याकडे गिऱ्हाईक बोलतं.

आणि इथेच गल्लत होते. दुसरा एक वास असतो, पुठ्ठ्यासारखा, तेलकट, कधी लोखंडी. दूध काढल्यावर ठीक असतं आणि फ्रीजमध्ये एक-दोन दिवस ठेवलं की येतो. हे ऑक्सिडेशन. खवटपणावर व्हिटॅमिन ई चालत नाही, तिथे मशीन, फेस आणि धारेची संख्या बघा. पुठ्ठ्याच्या वासावर मात्र अँटीऑक्सिडंटचा खरा उपयोग होतो. त्यातही आधी फुकटची कामं करा: तांब्या-पितळेची भांडी दुधाला लावू नका कारण तांब्याचा अंश ऑक्सिडेशन भडकवतो, बोअरच्या पाण्यात लोह जास्त असेल तर धुतलेली भांडी निथळून कोरडी करा, काढलेलं दूध उन्हात ठेवू नका. खुराकात सोयाबीन, सरकी असं तेलाचं प्रमाण अचानक वाढवलं असेल तर तेही कमी करून बघा, दुधात न टिकणारी फॅट त्यातूनच वाढते.

व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम नक्की काय करतात

शरीरात ऑक्सिजन वापरला जातो तेव्हा काही आक्रमक रेणू तयार होतात, जास्त दूध देणाऱ्या, नुकत्या व्यायलेल्या आणि एप्रिल-मेच्या उन्हात धापा टाकणाऱ्या जनावरात ते जास्त. व्हिटॅमिन ई पेशींच्या आवरणात बसून ते अडवतं आणि सेलेनियम ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एन्झाईमचा भाग बनून आत साफसफाई करतं. कासेत जंतू शिरला की त्याला मारणाऱ्या पांढऱ्या पेशीही याच दोघांवर चालतात, नाहीतर त्या जंतू मारताना स्वतःच मरतात. अमेरिकेत ओहायोमध्ये १९८४ साली झालेल्या कामात भाकड काळात (आटवल्यापासून विण्यापर्यंत) व्हिटॅमिन ई दिलेल्या गायींमध्ये दगडी (मस्टायटिस, कासेची सूज) होण्याचं प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी आलं, आणि सोबत सेलेनियमही दिलं तेव्हा आजार कमी दिवस टिकला. पण तिथल्या चाऱ्यात सेलेनियम कमी होतं हे लक्षात ठेवा. कमतरता होती म्हणून भरून काढल्याचा फायदा झाला.

प्रतीशी याचा संबंध असा. सुप्त दगडी म्हणजे वरून काही दिसत नाही, दूध पांढरं स्वच्छ, पण सेल वाढलेले, लॅक्टोज घटलेली, केसीन घटलेलं. एसएनएफ न लागण्यामागे बऱ्याचदा हीच असते. म्हणून पावडर आणायच्या आधी टेस्ट करा. अर्धा लिटर पाण्यात कपडे धुण्याच्या पावडरचे सहा सपाट छोटे चमचे विरघळवा, चारही सडांचं दूध चार वाट्यांत थोडं थोडं घ्या, पहिल्या धारा टाकून मग घ्या, तेवढंच पावडरचं पाणी घाला आणि मिनिटभर वाटी गोल फिरवा. दूध पातळच राहिलं तर ठीक. तंतू, गाठी, जेलीसारखं घट्ट झालं तर तो सड सुप्त दगडीचा. व्यायल्यावर पहिल्या काही दिवसांत आणि आटत आलेल्या गायीत ही टेस्ट उगाच पॉझिटिव्ह दिसते, तेव्हा त्यावर निर्णय घेऊ नका. वाट्यांतलं दूध लांब फेकून द्या, वासराला पाजू नका.

चारपैकी एकच सड घट्ट येत असेल तर तो जंतूचा आणि धारेच्या पद्धतीचा विषय आहे, डॉक्टरांना दाखवा. गोठ्यातल्या बऱ्याच गायींचे बरेच सड येत असतील तर स्वच्छता, मशीन, आणि मग खुराकातली कमतरता, या क्रमाने बघा.

किती, कधी, कुणाला

अमेरिकेच्या एनआरसीच्या (नॅशनल रिसर्च कौन्सिल) २००१ च्या मापाने दुभत्या गायीला दिवसाला साधारण ५०० युनिट आणि भाकड गायीला १००० युनिट व्हिटॅमिन ई लागतं. भाकड गायीला जास्त, हे बहुतेकांना उलटं वाटतं कारण आपण भाकड जनावराला दावणीच्या शेवटी बांधून कडब्यावर ठेवतो. पण विण्याच्या आसपास ती कमी खाते, चीक तयार व्हायला व्हिटॅमिन ई खेचलं जातं आणि रक्तातली पातळी नेमकी त्याच वेळी खाली पडते, दगडीचा धोका सगळ्यात जास्त असतो तेव्हा. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर दुभत्या गायीवर घालवू नका, विण्याआधीच्या शेवटच्या एका महिन्यावर घाला.

बाजारात ५० टक्केची व्हिटॅमिन ई पावडर मिळते, तिच्या एका ग्रॅममध्ये ५०० युनिट असतात, म्हणजे भाकड गायीला दिवसाला २ ग्रॅम. मुठीने टाकायची वस्तू नाही ही, आधी अर्धा किलो भुशात मिसळा मग आंबोणात.

हिरवा चारा असेल तर गणित बदलतं. ताज्या लुसलुशीत हिरव्या वैरणीत व्हिटॅमिन ई भरपूर असतं, २०-२५ किलो लसूणघास, मका, कोवळा नेपियर रोज पडत असेल तर दुभत्या गायीची गरज बहुतेक तिथेच भागते. हाच चारा उन्हात वाळवला किंवा मुरघास केला की त्यातलं बरंचसं नाहीसं होतं. म्हणजे पावसाळ्यात पावडर विकायला कुणी आलं तर हात जोडा, आणि फेब्रुवारीपासून कडबा-मुरघासावर गोठा चालत असेल, पाण्याची बोंब असेल, तेव्हा मात्र द्या.

सेलेनियमला फार जपा. खुराक-चाऱ्याच्या कोरड्या वजनात किलोला ०.३ मिलिग्रॅम, एवढंच. १५ किलो कोरडा चारा-खुराक खाणाऱ्या गायीला दिवसाचे ४.५ मिलिग्रॅम झाले. आता गोळीपेंडीच्या पोत्यावर बघा, मिनरल मिक्श्चरच्या पिशवीवर बघा, टॉनिकच्या बाटलीवर बघा, तिन्हीत सेलेनियम असू शकतं आणि वरून डॉक्टरांनी विण्याआधी इंजेक्शन दिलेलं असतं. सगळं कागदावर लिहून बेरीज करा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. जास्त झालं की केस गळतात, खूर फाटतात, गळूनही पडतात. पंजाबात होशियारपूर-नवाशहर भागातल्या जमिनीतच सेलेनियम जास्त आहे आणि तिथल्या जनावरांत हे दिसलेलं आहे.

व्हिटॅमिन ई सुरक्षित म्हणून कितीही द्या असंही नाही. नेदरलँड्समधला २०१० चा अभ्यास आहे, भाकड गायींना दिवसाला ३००० युनिट दिले, आणि दगडी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. त्या गायींना मुळात कमतरता नव्हती.

झिंक, तांबं, मँगनीज यांचाही यात वाटा आहे, झिंकमुळे सडाच्या तोंडाशी असलेला केराटिनचा थर चांगला राहतो. यासाठी वेगळं काही घेऊ नका, चांगलं मिनरल मिक्श्चर दुधाप्रमाणे ५० ते १०० ग्रॅम रोज, चुकवायचं नाही.

तीन धारा असतील तर सड जपा

फेरा वाढला की सडाला काम वाढतं आणि धारेनंतर सडाचं तोंड अर्धा ते दोन तास नीट मिटत नाही. दोन धारांत ते दिवसात दोनदा उघडं, तीन धारांत तीनदा. म्हणून प्रत्येक धारेनंतर आयोडीनच्या कपात सड बुडवायचा, आणि गाय खाली बसू नये म्हणून दावणीत ताजी वैरण टाकायची, वैरण धारेच्या आधी नाही, नंतर. दूध संपल्यावर मशीन चालू ठेवू नका. सडाच्या टोकाला पांढरं खरखरीत कडं उठलेलं दिसलं तर व्हॅक्युम तपासा, आणि तेवढे दिवस त्या गायीला दोन धारांवर आणा.

आटवताना आणि विताना

एक दिवसाआड, मग दोन दिवसाआड धार काढत पंधरा दिवस आटवायची पद्धत अजून चालू आहे. त्या काळातलं दूध खारट, सेल भरलेलं असतं, ते डेअरीच्या कॅनमध्ये ओतलं तर सगळ्या कॅनची प्रत बिघडते. आठवडाभर आधी खुराक बंद करा, वैरण कोरडी करा, दूध खाली आणा आणि मग एकदम थांबा, शेवटच्या धारेनंतर डॉक्टरांकडून सडात सोडायची ट्यूब घ्या. विण्याआधी ६० दिवस मोकळे मिळाले पाहिजेत.

व्यायल्यावर पहिला चीक वासराला तासाभरात. गर्भात असताना वासराला आईकडून व्हिटॅमिन ई फारच थोडं मिळतं, भाकड काळात गायीला दिलेलं त्याच्यापर्यंत पोचतं ते या चिकातूनच. ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसात एकूण ३ लिटर, दोन-तीन वेळा करून, आणि खरवसासाठी काढायचा तो त्यानंतरचा.